दुनळीची माशी: काय करावं, काय टाळावं

वडवणीत हल्ली कुणी बंदुकीचा विषय काढला की ऐकणारा आधी दाराकडे बघतो. 9 डिसेंबर 2024 ला शेजारच्या केज तालुक्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. त्यानंतर बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांची मोजदाद सुरू झाली, तेव्हा आकडा बाराशेच्या वर निघाला. कमरेला पिस्तूल लावलेल्या, हवेत बार काढणाऱ्या रील्स राज्यभर फिरल्या आणि परवाने रद्द व्हायला लागले. ते व्हायलाच हवे होते. पण या गदारोळात ज्याच्या घरी आजोबांपासूनची बारा बोअर लोखंडी कपाटात पडून आहे आणि जो वर्षातून चारदा तिला तेल देतो, त्याला एखादा साधा प्रश्न विचारायचीही चोरी झाली.

असा प्रश्न यंदा दोन पोरांनी मला विचारला. "काका, हिला साइट कोणती बसवावी?" दोघांच्याही हातात मोबाइल आणि मोबाइलवर लाल ठिपक्याची झकपक डबी. एकाचं रान उपळीच्या बाजूला, दुसऱ्याचं चिंचवणकडे. रानडुक्कर दोघांच्याही पाचवीला पुजलेलं. त्यांना बांधावर बसून जे सांगितलं, तेच इथे लिहितो.

शब्दांचं आधी बघू. बारा बोअरच्या नळीच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा पितळी मणी असतो. साइट म्हणजे नेम धरायची खूण, ती हीच. जुनी माणसं त्याला माशी म्हणतात. नेम धरण्याला शिस्त धरणं म्हणत. शिस्त हा शब्द पुढे शाळेत गेला आणि छडी घेऊन बसला, त्याचा बंदुकीशी असलेला संबंध आता कुणाला आठवत नाही.

काय करावं

आधी काडतूस ठरवा, मग साइट. दुकानदार उलटं सांगेल. छर्ऱ्याचं काडतूस उडालं की छर्रे पसरत जातात. नळीचं तोंड किती आवळलेलं आहे, म्हणजे चोक किती आहे, त्यावर हा पसारा ठरतो. 40 यार्डांवर, म्हणजे साधारण 36 मीटरवर, 30 इंच व्यासाच्या वर्तुळात फुल चोकचे 70 टक्क्यांच्या आसपास छर्रे बसतात आणि सरळ नळीचे 40 टक्के. एवढा पसारा असणाऱ्या हत्याराला केसाएवढ्या बारीक नेमाची साइट काय करायची? माशी पुरते. बॉलचं काडतूस, म्हणजे एकच मोठी गोळी, वापरायची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पुढची आणि मागची अशा दोन्ही साइट जुळवाव्या लागतात, रायफलीसारख्या. पण आपल्याकडच्या बहुतेक दुनळ्यांत खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली शक्तिमान काडतुसं जातात आणि तीही छर्ऱ्याचीच.

मागची साइट कुठे आहे ते ओळखा. तुमचा डोळा हीच मागची साइट. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा खर्च वाचतो. रायफलीला मागे खाच किंवा भोक असतं, दुनळीला काही नसतं. तेव्हा गाल दस्त्यावर, म्हणजे खांद्याला लागणाऱ्या लाकडी भागावर, दर वेळी त्याच जागी टेकला नाही, तर जगातली सगळ्यात महाग माशीही खोटंच दाखवणार.

घरी करून बघा. बंदूक मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी बघा, मग करंगळी घालून बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. तोंड ओल्या मातीच्या भिंतीकडे किंवा बांधाकडे, घराकडे नाही. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, गाल टेका, डोळे उघडा. नळीवरची पट्टी एका रेघेसारखी दिसली आणि तिच्या टोकावर माशी बसलेली दिसली, तर दस्ता तुमच्या मापाचा आहे. पट्टीचा लांबलचक रस्ता दिसत असेल तर बार वर जाणार. माशी दिसतच नसेल, समोर नुसता लोखंडाचा मागचा भाग येत असेल, तर दस्ता तुम्हाला खाली पडतोय आणि बारही खाली जाणार. काही बंदुकांना पट्टीच्या मध्यावर आणखी एक लहान मणी असतो. त्याचं काम एवढंच, की दोन मणी एकावर एक बसून इंग्रजी आठाचा आकडा दिसावा. तो दिसला की गाल बरोबर बसला.

आमची दुनळी वडिलांच्या मापाची होती. वडील सहा फूट, मी त्यांच्या खांद्याला लागायचो. तीन वर्षं मी माशीला दोष दिला. शेवटी परवानाधारक कारागिराने दस्त्याची मागची बाजू अर्धा इंच कमी केली आणि माशी आपोआप जागेवर आली.

आपला मुख्य डोळा कोणता ते तपासा. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मध्ये छोटी खिडकी करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून मारुतीच्या देवळाचा कळस बघा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने कळस खिडकीत राहतो तो मुख्य डोळा. उजव्या खांद्याचे कितीतरी लोक डाव्या डोळ्याचे असतात आणि त्यांना ते आयुष्यभर ठाऊक नसतं, नेहमी डावीकडे चुकतं एवढंच ठाऊक असतं. उपाय साधा आहे. चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावा, किंवा डाव्या खांद्याने शिका. साइट बदलून हा दोष जात नाही.

चाळिशी लागली असेल तर घाबरू नका. पंचेचाळिशीनंतर माशी धूसर दिसते. "साइट गेली," म्हणून लोक मोठा लाल गोळा बसवून घेतात. पण छर्ऱ्याच्या बंदुकीत नजर लक्ष्यावर ठेवायची असते. माशी नजरेच्या कडेला दिसली तरी काम होतं. दोन नंबरांचा चष्मा मात्र घोटाळा करतो. लांबच्या नंबरचा साधा चष्मा वेगळा करून घ्या. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर आधी ऑपरेशन, बंदूक नंतर.

फायबरची माशी घ्यायची तर तिचं काम समजून घ्या. ही हिरव्या किंवा लाल प्लॅस्टिकची काडी असते. बाजूने उजेड गोळा करते आणि टोकाला चमकते. तिन्हीसांजेला, पहाटे फटफटताना, काळ्या ढेकळांच्या रानात पितळी माशी हरवते तेव्हा ही छान दिसते. माणसाच्या डोळ्याला हिरवा रंग सर्वांत चटकन दिसतो, पण हिरव्या उसात हिरवा ठिपका घेऊन काय करणार? तिथे लाल घ्या. आणि पूर्ण अंधारात हिचा शून्य उपयोग, कारण गोळा करायला उजेडच नाही. काडी ठिसूळ असते, एक जास्तीची घेऊन ठेवा.

आटे मोजून घ्या. माशीचा स्क्रू सगळ्या बंदुकांना सारखा नसतो. कुठे इंचातले आटे, कुठे मिलिमीटरमधले. मी एकदा नेटवरून माशी मागवली. ती जात नव्हती, तरी पकडीने दाबून फिरवली. नळीतले आटे गेले. तो खर्च माशीच्या किमतीच्या दसपट होता आणि चूक सर्वस्वी माझी. जुनी माशी काढून दुकानात न्या, शेजारी धरून मापा, मग पैसे द्या.

कागदावर खात्री करा. परवानगी असलेल्या रेंजवर, ठरलेल्या अंतरावर मोठा कागद लावून नेहमीच्या काडतुसाचे तीन-चार बार घ्या आणि छर्ऱ्यांचा घोळका माशीच्या वर बसतो की खाली ते बघा. दुनळीच्या दोन्ही नळ्या वेगवेगळ्या तपासा. बऱ्याच जुन्या दुनळ्यांत एका नळीचा चोक मोकळा आणि दुसरीचा आवळलेला असतो.

परवाना शाखेत आधी विचारा. माशी बदलणं वेगळं आणि बंदुकीला नवं उपकरण जोडणं वेगळं. दुसरं करायचं असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारा, उत्तर फाइलला लावा. निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक ठाण्यात जमा करायची वेळ आली तर माशीसकट सगळ्या बाजूंचे फोटो काढा आणि पावतीवर वर्णन नीट लिहून घ्या. नळी कापडात गुंडाळून द्या. बंदूक भिंतीला टेकून उभी राहिली की पहिला मार माशीलाच बसतो.

काय टाळावं

गावातल्या लेथवर नळी नेऊ नका. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं काम उत्तम करणारा माणूस बंदुकीला हात लावायला योग्य असतोच असं नाही. शस्त्र कायदा, 1959 च्या कलम 5 प्रमाणे शस्त्राच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. म्हणजे तुम्ही अडकाल आणि तो बिचाराही अडकेल. बारा बोअरच्या नळीची भिंत टोकाकडे फार पातळ असते. भोक एक सूत खोल गेलं तर बार काढताना नळी तिथेच फुटते. वेल्डिंगचं तर नावच नको. दुनळीच्या नळ्या आणि पट्टी एकमेकींना झाळलेल्या असतात, उष्णता लागली की सगळं सुटतं.

टोक ठेचलं, माशी तुटली म्हणून नळी कापू नका. कलम 6 प्रमाणे परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा गुन्हाच आहे. शिवाय चोक असतो तो टोकाच्या त्या दोन-तीन इंचांतच.

स्वस्तातला लाल ठिपका घेऊ नका. हीच ती मोबाइलवरची डबी. दुनळीवर ती बसवायला सपाट जागाच नाही. पंप अ‍ॅक्शनवर बसते, पण नळीपासून बोटभर-दोन बोटं वर, म्हणजे गाल दस्त्यावरून उचलावा लागतो आणि वर सांगितलेली सगळी शिस्त मोडते. खेळण्यातल्या बंदुकीसाठी केलेली डबी बारा बोअरच्या धक्क्याने दहा-वीस बारांत ठिपका सोडते. अंधारात ठिपका जास्त उजळ ठेवला तर समोरचं काही दिसत नाही. डोळ्याला तिरपा नंबर असेल तर ठिपक्याच्या जागी चांदणी दिसते. चांगल्या बनावटीची डबी काम देते हे खरं, पण तिची किंमत ऐकून दोन्ही पोरं गप्प बसली.

दुर्बीण तर मुळीच नको. तीस-पस्तीस मीटरच्या हत्याराला दुर्बीण म्हणजे बैलगाडीला स्पीडोमीटर. शिवाय धक्क्याने तिची कड भुवईवर बसते, टाके पडतात. एक पोरगा म्हणाला, "स्वप्नील कुसळेच्या बंदुकीला मागे चक्री असतेच की." असते. पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नीलने 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं ते रायफलीवर, 50 मीटरवरच्या न हलणाऱ्या कागदावर. चक्रीत भिंग नसतं, बारीक भोक असतं. तुमची दुनळी त्याची नातेवाईक नाही. तिचे नातेवाईक पाहिजेत तर राज्यवर्धनसिंह राठोड बघा. 2004 ला अथेन्समध्ये डबल ट्रॅपचं रौप्य आणलं ते बारा बोअरवर. उडत्या, 11 सेंटिमीटर व्यासाच्या मातीच्या चकत्या फोडायच्या असतात, आणि लक्ष्य मोठं करून दाखवणारं कोणतंही उपकरण त्या खेळात चालत नाही. नळीवर माशीच.

लेझर, रात्रीची दुर्बीण, उष्णता दाखवणारा कॅमेरा विकत घेऊन बंदुकीला बांधू नका. पीकराखणीच्या परवान्याच्या फाइलीत अशा सामानाला उत्तर नसतं. चोरटे शिकारी याच सामानासकट पकडले जातात, आणि वनखात्यासमोर "डुकरासाठी होतं" हे कुणी ऐकून घेत नाही. अंधारात आपोआप चमकणारी ट्रिटियमची माशीही सोडून द्या. ते किरणोत्सारी द्रव्य आहे, साडेबारा वर्षांच्या आतच त्याची चमक निम्मी होते, आणि त्याचे कागद सांभाळणं वेगळंच.

माशीकडे टक लावून बसू नका. नेम चुकण्याचं हे सर्वांत मोठं कारण. बैल हाकताना कासऱ्याकडे कुणी बघत नाही, तासाकडे बघतात. तसंच.

वरातीत, सत्कारात, रीलमध्ये बंदूक बाहेर काढू नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर जल्लोषात बेपर्वाईने बार काढून लोकांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. याच दुरुस्तीने एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त दोन बंदुका राहिल्या आणि परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली. नव्या साइटचा फोटो स्टेटसला ठेवणं हाही जल्लोषाचाच धाकटा भाऊ.

आणि रात्रीचं

वडील माशीला चुना लावायचे. पानाच्या चंचीतला. उजव्या हाताच्या अनामिकेने ठिपका ठेवायचे, फुंकर घालायचे, वाळला की मगच उठायचे. चांदण्यात तो ठिपका दिसतो. मी लहानपणी वाड्याच्या ओसरीवरून हे कितीदा पाहिलंय. युक्ती चांगली होती, आणि पैसे शून्य. मग मी ती "काय करावं"च्या यादीत का घातली नाही?

कारण तेव्हाचं रान वेगळं होतं. तेव्हा हायब्रीडच्या आणि हरभऱ्याच्या रानात रात्री माणूस नसायचा. आता शेतीची लाईट आठवड्यातले कितीतरी दिवस रात्रीची असते. बारे द्यायला माणूस बॅटरी घेऊन उसात असतो, आणि बॅटरीचे सेल वाचवायला ती विझवून असतो. दिवाळी ते गुढीपाडवा आपल्याच तालुक्यातली निम्मी घरं कुलपात असतात, माणसं साखर कारखान्यांवर ऊसतोडीला. आणि फडाशेजारी कुणाच्या तरी कोप्या पडलेल्या असतात, पाचटाच्या, ज्यातून छर्रा आरपार जातो. एलजी काडतुसाचा जाड छर्रा नेम चुकला तर सहा-सातशे मीटर जाऊ शकतो. माशी चुन्याची असो की फायबरची, ती समोरचं दाखवते. मागे कोण आहे ते ती दाखवत नाही. उसात खसफस झाली आणि काळं काही हललं, एवढ्यावर घोडा दाबणारा माणूस कोणतीही साइट लावो, त्याच्या हाती बंदूक नको.

कायद्याचंही ऐका. पीकराखणीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. 1972 च्या वन्यजीव कायद्यात 2022 ला दुरुस्ती झाली. त्यानुसार रानडुक्कर आणि रोही दुसऱ्या अनुसूचीत आहेत. पीक खाणाऱ्या डुकरावर बार काढायलाही वनखात्याच्या अधिकाऱ्याची परवानगी आधी लागते. काळवीट आणि मोर पहिल्या अनुसूचीत, त्यांच्या वाटेलाच जायचं नाही. मोरासाठी याच जिल्ह्यात, पाटोद्याकडे नायगावला, अभयारण्य आहे. तेव्हा सोयाबीन हरणांच्या कळपाने खाल्लं तर साइट शोधू नका. वनखात्याकडे अर्ज करा, पंचनामा करून घ्या, भरपाईच्या मागे लागा. भरपाई वेळेवर मिळत नाही ही तक्रार खरी आहे, पण ती तहसीलवर मोर्चा नेऊन सांगायची.

एक गंमत सांगतो. शस्त्र कायद्याने पीकराखणीसाठी मुळात ठासणीची बंदूक धरली आहे. ती पुरणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर 20 इंचांपेक्षा कमी नाही अशा नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. ठासणीत बार एकच, पुन्हा भरायला वेळ. कायदा करणाऱ्यांना पीकराखणीत आवाज अपेक्षित होता, असं मला तरी वाटतं. आवाजाला साइट लागत नाही.

त्या दोन पोरांपैकी उपळीच्या पोराने डबीचे पैसे सौर कुंपणाच्या झटका मशीनला घातले. मशीन चांगलं, फक्त त्याच्या तारेत घरची लाईट सोडायचा मोह नको, त्यात माणसं गेली आहेत. चिंचवणचा अजून मोबाइल बघतोय. आमच्या दुनळीवर वडिलांच्या वेळचीच पितळी माशी आहे, आटे गेल्यावर कारागिराने नव्याने बसवलेली. तिच्यावर चुना लावून रात्री रानात जाणं मी सोडलं, त्याला आता नऊ वर्षं झाली.